गळून पडणे

ग्रिम्सबीच्या वाचनालयात, वरच्या मजल्यावर,
दर मंगळवारी सातला मी इंग्रजी शिकवते.
पगार नाही. चहा आहे.
समोर बसतात मासळीच्या कारखान्यातून सुटलेले हात,
तीनतीनदा साबण लावून धुतलेले,
तरी पान उलटलं की हॅडॉकचा वास.

आज माणसांचे स्वभाव.
फळ्यावर लिहिते : जेनरस. मूडी. रिलायेबल. स्टबर्न.
फरहाद न्हावी विचारतो, स्टबर्न चांगलं की वाईट?
म्हटलं, कोण कोणाला म्हणतंय त्यावर.
तो वहीत टिपून घेतो, उजवीकडून डावीकडे,
आणि त्याचं टिपण माझ्या उत्तराहून लांब होतं.

दाइवा खिडकीशी. सेमहार दाराशी.
ऑगस्टपर्यंत दोघी एका बाकावर बसायच्या,
एकीच्या डब्यात दुसरीचा काटा-चमचा.
आता मधे नऊ खुर्च्या
आणि एक हीटर, जो चालत नाही.

दाइवाने न वळता विचारलं :
साहेबाला जाऊन सांगतो, कोण उशिरा आलं ते,
त्या माणसाला काय म्हणतात?
पुस्तकात नव्हता. पण माझे वडील गोदीवर होते,
त्यांचा शब्द मला होता : ग्रास.
ग्रास? म्हणजे गवत?
हो, गवत.
का, ते मला माहीत नाही.
सेमहारने पेनचं टोपण लावलं, काढलं, लावलं.

मग फॉल आउट.
दात पडतात तसं? एक जण म्हणाला.
केस गळतात तसं? हे फरहादचं.
जवळपास. दोन माणसं असतात,
आणि एके दिवशी एकमेकांतून गळून पडतात.
मात्र पुढे विथ लावायचं, विसरायचं नाही.
तुटतानाही सोबत लागते,
व्याकरणाला त्याची लाज वाटत नाही.

उदाहरण म्हणून मी लिहिलं :
दोन बहिणी एका कपाटावरून फॉल आउट झाल्या.
कुठलं कपाट? काचेचं. आईचं.
कोणाला मिळालं?
धाकटीला.
मग मेक अप झाला?
मेक अप म्हणजे लिपस्टिक ना, मागून आवाज.
तेही. खोटी गोष्ट रचणं, तेही.
आणि भांडण मिटवणं, तेही.
पण मिटवलं का त्यांनी?
ते पुढच्या धड्यात, म्हटलं,
आणि फळा पुसला, अजून जागा होती तरी.

आता मैत्रिणीबद्दल तीन वाक्यं लिहा.
सेमहार उभी राहिली. उभं राहा असं कोणी म्हटलं नव्हतं.
माझी मैत्रीण बॉसी आहे.
माझी मैत्रीण रिलायेबल आहे.
माझा मुलगा तापलेला, रात्री दोन वाजता, ती गाडी चालवते,
आणि गाडी तिची नाही.

चालवते नव्हे, चालवली.
लाल पेन माझ्या हातात होतं.
राहू दे, ती अजून चालवते आहे,
फ्रीमन स्ट्रीटवरचे सगळे सिग्नल तोडत.

ब्रेक खराब होते,
दाइवा काचेला म्हणाली.
बस, एवढंच. भूतकाळ अगदी बरोबर.
सेमहार खाली बसली, दाराशीच.
फरहादने विचारलं, ब्रेकचं स्पेलिंग कुठलं,
थांबण्याचं की मोडण्याचं?
मी दोन्ही लिहिली.

साडेआठला खुर्च्या रचून ठेवल्या.
खालच्या थांब्यावर त्या दोघी,
छपराच्या एकेका टोकाला,
हवेत मीठ, आणि बस उशिरा.
दाइवाने बोट दाखवून सांगितलं : क्लीथॉर्प्स, आली.
नेमकं कोणाला सांगितलं, कळलं नाही.

ती बस माझ्या बहिणीच्या दारावरून जाते.
काचेचं कपाट रस्त्यावरून दिसतं,
पडदे उघडे असले तर.
असं ऐकलंय.
मी मात्र चालत घरी जाते,
एवढ्या थंडीत का, असं कोणी विचारलं
तर सांगते, गुडघ्यांना बरं असतं.